मजकूर समजला

बी. कॉम.ला नीतिशास्त्र नसतं. ऑडिटिंग असतं, आणि ऑडिटिंग असल्यावर नीतीची वेगळी गरज पडू नये, असा विद्यापीठाचा हिशेब असावा. त्यामुळे वयाच्या चव्वेचाळीस वर्षांपर्यंत मी त्या विषयापासून सुखरूप होतो. गेल्या वर्षी साबणाच्या डबीएवढ्या एका यंत्राने मला गाठलं.

आमची शाखा महाडची. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी गावात शिरलं ते आमच्या काउंटरवरून, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधून, कोणाची परवानगी न विचारता थेट तिजोरीच्या खोलीपर्यंत गेलं. पाणी ओसरल्यावर वरिष्ठांनी धडा घेतला. यंत्रं वरच्या मजल्यावर हलवली, माणसं खालीच ठेवली. माणसांना पोहता येतं, असं त्यामागचं तत्त्व असावं.

तर वर एक स्विच आणि खाली एक स्विच. स्विच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंख्याचं बटण येतं; हा तो नव्हे. हा एक चपटा लोखंडी डबा. शाखेतल्या सगळ्या संगणकांच्या तारा याच्या पोटात शिरतात आणि कोणाचा निरोप कोणाला द्यायचा ते हा ठरवतो. थोडक्यात आमचा शिपाईमामाच, फक्त बिडी ओढायला बाहेर न जाणारा. या दोन डब्यांना जोडणाऱ्या तारा दोन. एक पिवळी, काचेची. तिच्यात केसासारखे दोन तंतू. एकातून वरचं बोलणं खाली येतं, दुसऱ्यातून खालचं वर जातं. दुसरी तार निळी, तांब्याची, जुनी. पंगतीला एक आचारी जादा सांगून ठेवावा तशी असू दे म्हणून ठेवलेली. आणि साबणाच्या डबीचं काम दुभाष्याचं: काचेतल्या उजेडाची तांब्यातल्या विजेत भाषांतरं करायची.

अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार. पेन्शनची गर्दी. अकराच्या सुमारास सगळे पडदे गोठले. आजोबांचा अंगठा यंत्रावर, यंत्र विचारात. मी वर जाऊन पाहिलं तर स्विचवरचे सगळे दिवे एका तालात लुकलुकत होते, मंडपातली रोषणाई अजून उतरवायची राहिल्यासारखे.

"साहेब, सगळे हिरवे हायेत," शिपाईमामांनी अहवाल दिला.

"मग बंद कसं असेल?" मॅनेजरसाहेब म्हणाले, आणि आमच्या बँकेत प्रश्न विचारला की काम झालं असं धरतात, म्हणून ते खाली गेले. आम्ही यंत्रं बंद करून चालू केली. मिनिटभर बरं वाटायचं, की पुन्हा तोच ऊरूस.

साडेतीनला पनवेलहून एक इंजिनिअर पोरगा आला. माझ्या पुतण्याच्या वयाचा. त्याने चहा घेतला नाही, यावरूनच मला तो हुशार वाटला. तारा चाचपून म्हणाला, "काका, दिव्यावर विश्वास ठेवू नका. वरचा दिवा लागलाय म्हणजे वरच्याला ऐकू येतंय, एवढंच. त्याचं खाली कोणी ऐकतंय का, ते दिवा सांगत नाही. आणि खालचा दिवा तर साफ खोटा. तो शेजारच्या डबीचा आवाज ऐकून लागलाय. डबीच्या पलीकडे काय झालंय, त्याच्या गावीही नाही."

पलीकडे उंदराने पिवळ्या तारेतल्या दोन तंतूंपैकी एकच कुरतडला होता. वरून खाली येणारा. गणपती गावाला गेले होते, वाहन आमच्याकडे राहिलं होतं.

आता तार पूर्ण तुटली असती तर काहीच बिघडलं नसतं, असं तो म्हणाला तेव्हा मला ते पटेना. पण आहे ते तसंच. दोन यंत्रांत दोन वाटा उघड्या असल्या तर निरोप एकीने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा पहिलीने जातो. या निरोपांना मरण नसतं. ते फिरतच राहतात, दर फेरीत त्यांच्यात नव्यांची भर पडते, आणि शेवटी खऱ्या कामाच्या निरोपाला उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून दोनांपैकी एक वाट बंद ठेवायची. ही युक्ती १९८५ साली रेडिया पर्लमन नावाच्या अमेरिकन बाईंनी शोधली आणि तिच्यावर त्यांनी एक कविताही केली. बँकेच्या परिपत्रकावर कोणी कविता केल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण तो विषय वेगळा. त्या युक्तीत एक यंत्र घरातलं कर्तं. ते दर दोन सेकंदांनी "मी आहे" म्हणतं. आमच्याकडे वरचं कर्तं. खालचं यंत्र दोन्ही तारांनी ते ऐकत होतं आणि निळी वाट गुमान बंद ठेवत होतं. सोमवारी पिवळ्या तारेवरचा आवाज थांबला. खालच्याने वीस सेकंद वाट पाहिली आणि निष्कर्ष काढला: या वाटेवर आता कोणी नाही. मग निळी उघडली. आणि पिवळीवर कोणी नाहीच म्हटल्यावर तीही मोकळी ठेवली. पण पिवळीवर वरचा होता की! त्याला खालचं सगळं ऐकू जात होतं. पिवळीने वर, निळीने खाली, पुन्हा पिवळीने वर. त्या वर्तुळात आमच्या पेन्शनरांचे अंगठे अडकले.

"म्हणजे आवाज आला नाही, तर याने माणूसच नाही असं धरलं?" मी विचारलं.

"तेच तर, काका."

मला घाम फुटला. कारण आमच्या घरात गेले दोन महिने हेच चाललं होतं, फक्त उलट्या बाजूने.

झालं होतं असं. आमचं मूळ घर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. नाना तिथे एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. पोस्टमन होते. रस्त्याच्या कडेला आमची पाच गुंठे जागा आहे, सातबारा नानांच्या नावावर. तिला मुंबईचं गिऱ्हाईक आलं. मी रोज रात्री आठला नानांना फोन करतो. या बाबतीत मी स्वतःला आदर्श मुलगा समजत असे आणि सौ.लाही तसं समजायला लावत असे. तर एका रात्री नेहमीची प्रश्नोत्तरं झाली. कसे आहात? हां, बरा हाय. जेवलात? हां हां. आणि मग मी विचारलं, "ते जागेचं गिऱ्हाईक परत आलंय. देऊन टाकायची ना?"

"हां हां. बरं."

झालं. मी हे जमेच्या बाजूला मांडलं. खेडला ताईला कळवलं, नाना हो म्हणाले. ताई म्हणाली, शक्य नाही, त्या जागेत आईने लावलेला फणस आहे. मी म्हटलं, मी माझ्या कानांनी ऐकलंय. ताई काकांशी बोलली, काका आत्याशी, आत्या आणखी कोणाशी, आणि पंधरा दिवसांनी माझ्याच चुलतभावाने मला फोन करून विचारलं, "तू म्हणे म्हाताऱ्याचा अंगठा घेतलास?" नाना ज्या पोस्टात एकतीस वर्षं सही करून टपाल उचलत होते, त्यांचा अंगठा! निरोपाला मरण नसतं ते असं. ताईने माझ्याशी बोलणं टाकलं. दसऱ्याला विसार घ्यायचा ठरला होता.

इंजिनिअर पोरगा तंतू जोडत होता. मी विचारलं, "यावर उपाय काय?"

उपाय आहे. सिस्को कंपनीने काढला, आणि २००८ साली त्याची रीत सगळ्यांना वाचायला खुली केली. नाव यूडीएलडी. अर्थ एवढाच की दुवा एकेरी झालाय का ते ओळखणे. प्रत्येक यंत्र साधारण दर पंधरा सेकंदांनी तारेवर एक चिठ्ठी टाकतं. तीत लिहितं: मी अमुक, माझ्या अमुक दारातून बोलतोय, आणि मला तुमच्यापैकी अमुक-अमुक जणांचा आवाज आला. ही शेवटची ओळ खरी. शेजाऱ्याची चिठ्ठी आली, पण तिच्यात माझं नावच नाही, तर याचा अर्थ मला त्याचं ऐकू येतंय, त्याला माझं नाही. तिथल्या तिथे ते दार बंद.

मी मोठ्याने हसलो. त्या पोराला वाटलं, मला कळलं नाही. मला फारच कळलं होतं. मी महाडला मामाकडे राहून शिकत होतो तेव्हा नाना मला दर आठवड्याला कार्ड टाकायचे. अंतर वीस किलोमीटर, पण कार्ड. पहिली ओळ ठरलेली: 'तुझे ता. ७ चे कार्ड पावले. मजकूर समजला.' मग स्वतःचा मजकूर. मग शेवटी: 'पोच द्यावी.' मी एकदा तारखेचा उल्लेख न करता नुसतं 'तुमचे पत्र मिळाले' असं लिहिलं, तर उलट टपाली विचारणा आली: 'कोणते?' अमेरिकेतल्या इंजिनिअरांनी जे शोधलं ते पोलादपूरच्या पोस्टमनला दहा पैसे न घेता सांगता आलं असतं. सारा जन्म रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्यांवर लोकांच्या सह्या आणण्यात गेलेला माणूस. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा नानांनी घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा केला होता.

पुरातही तेच. त्या जुलैत इथे वीज नाही, फोन मुके. त्याच संध्याकाळी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. मी दुसऱ्या मजल्यावर बसून म्हणत होतो, नाना ठीकच असणार, नेटवर्क नाही म्हणून आवाज नाही. तसं म्हणणं मला सोयीचं होतं, कारण दुसरं काही म्हटलं असतं तर चिखलातून निघावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी एक ओळखीचा माणूस वरून चालत आला. त्याच्या हाती चिठ्ठी: 'आम्ही ठीक. पोच द्यावी.' वीस किलोमीटरवर डोंगरात बसलेल्या म्हाताऱ्याने माझी चौकशी केली होती, मी त्याची नाही.

मौनाचा अर्थ काय लावायचा, हा माझ्या मते नीतिशास्त्रातला फार मोठा प्रश्न असावा. त्या शास्त्राची पुस्तकं मी वाचलेली नाहीत, त्यामुळे खात्रीने सांगू शकतो. आम्ही बँकवाल्यांनी तो केव्हाच सोडवून टाकलाय. खातेउताऱ्याखाली बारीक अक्षरात छापतो: अमुक दिवसांत हरकत न आल्यास उतारा मान्य आहे असे समजण्यात येईल. ऑडिटच्या भाषेत याला नकारार्थी पुष्टी म्हणतात. उत्तर आलं तर तक्रार, नाही आलं तर संमती. ग्राहक वारलेला असला तरी संमतीच. खालच्या स्विचचा नियम याच्या उलटा: उत्तर नाही, तर तू नाहीस. पण त्या पोराने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती माझ्या डोक्यातून जाईना. यूडीएलडीचे दोन स्वभाव असतात, एक साधा आणि एक आक्रमक. साध्या स्वभावात शेजारी अजिबातच गप्प झाला, तर यंत्र त्याला संमतीही म्हणत नाही आणि गैरहजेरीही म्हणत नाही. नोंद करतं: अनिश्चित. चोवीस वर्षांच्या नोकरीत असं खातं मी उघडलं नाही. आक्रमक स्वभावाचं यंत्र मात्र दर सेकंदाला एक अशा आठ हाका मारतं, आणि आठव्यालाही ओ आली नाही तर स्वतःहून दार लावून घेतं.

"मग कायमचं बंद?"

"तसं सांगून ठेवलं तर पाच मिनिटांनी आपणहून उघडून बघतं. तीनशे सेकंद. नाहीतर कोणीतरी येऊन हाताने उघडावं लागतं."

त्या रात्री आठला मी फोन लावला.

"नाना, माझी बदली लडाखला झाली."

"हां, बरं झालं."

"नाना, बँकेवर दरोडा पडला."

"हां हां. जेवलास?"

"नाना, मी आत्ता काय म्हणालो?"

"हां. बरा हाय मी. पाऊस हाय जरा."

मी सौ.ला म्हटलं, रेंजचा घोटाळा असणार. आमच्याकडे याची सवय आहे. फोनवर दांडे पाचच्या पाच दिसतात आणि आपली हाक कोणालाच जात नाही. दांडे म्हणजे फोनला टॉवर ऐकू येतोय, एवढंच. टॉवर वीस वॅटने ओरडतो, फोन पाव वॅटही नाही अशा ताकदीने कुजबुजतो. डोंगर मध्ये आला की कुजबुज तिथेच राहते. सौ. म्हणाली, "रेंज गेली असती तर 'जेवलास?' कुठून आलं?" बी. ए. झालेल्या बायकोचे हे तोटे.

रविवारी पहिल्या गाडीने पोलादपूर गाठलं, स्टँडवरून मिनीडोरने वर. नाना ओटीवर सुपारी कातरत होते. मी मागून दोनदा हाक मारली. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकले आणि मग तोंडभर हसले. "कसा आलास रं? कळवायचं तरी." मी शनिवारी कळवलं होतं. हां हां, बरं, म्हणाले होते.

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यातल्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात निळ्या शाईने बारीक 'फो. आ.' लिहिलेलं. फोन आला. पोस्टमनची सवय. मी नुसता चाळत होतो. १४ जूनच्या चौकोनात आणखी दोन शब्द होते: 'कान. सांगितले.' ३० जूनला पुन्हा: 'कान. सांगितले.' १९ ऑगस्टला: 'कान. सांगितले. बघू म्हणाला.'

३० जूनला आमची तिमाही अखेर असते. मी एका हाताने बेरीज तपासत दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून 'हो हो, बघू' म्हटलेलं असणार. तीन वेळा त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांना ऐकू येत नाही, आणि तीन वेळा मला ऐकू आलं नव्हतं. १९ ऑगस्टचं 'बघू' त्यांनी बहुधा माझ्या स्वभावावरून लिहिलं असावं.

मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडलो, "मग उचलता कशाला फोन?"

"खिशात थरथरतो ना," ते म्हणाले. "आठ वाजले की थरथरतो. तू हायस, येवढं कळतं. मग आपण हां हां म्हणायचं. तुला बोलू नको कशाला सांगायचं?"

इथे माझं शास्त्र अडलं. सिस्कोच्या नियमाने ही तार जूनमध्येच बंद व्हायला हवी होती. नानांनी ती उघडी ठेवली, नुसत्या थरथरीवर. पण त्याच उघड्या तारेवरून मी फणस विकायला काढला होता. तिसऱ्या वर्गातलं आठवलं: १८७२ चा करार कायदा, कलम ४. प्रस्ताव समोरच्याच्या ज्ञानात आला, तरच तो पोचला. म्हणजे कायद्याने पाहिलं तर मी नानांना जागेबद्दल कधी विचारलंच नव्हतं. आणि तरी 'माझ्या कानांनी ऐकलं' हे मी ताईला सांगितलं, ते शब्दशः खरं होतं. खरं बोलून मी नानांच्या नावावर खोटं चालवलं होतं, आणि त्यासाठी अंगठ्याचीही गरज पडली नव्हती. आता कर्तव्य कोणाचं? ऐकू येत नाही हे सांगण्याचं, की ऐकू गेलं का हे विचारण्याचं? सांगणाऱ्याने तीन वेळा सांगितलं होतं, तारखेसकट. माझ्या बाजूला एकही नोंद नव्हती.

खिशात पैसे काढायची कोरी स्लिप होती. मागच्या बाजूला लिहिलं: 'रस्त्याकडची जागा विकायची का?' नानांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. माझं पेन मागितलं, स्लिप गुडघ्यावर ठेवली आणि सावकाश लिहिलं:

'तुझा आजचा मजकूर समजला. जागा विकू नये. फणस आहे. पोच द्यावी.'

मी खाली लिहिलं: 'समजलं.' त्यांनी ते पाहिलं आणि स्लिप परत माझ्यापुढे केली. "काय समजलं, ते लिही."

मी लिहिलं, जागा विकणार नाही. फणस राहील. मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. शेवटच्या वाक्यावर त्यांनी आढेवेढे घेतले, पण तारीख टाकून सही केली.

दुपारी पोलादपूरच्या स्टँडवर आलो. गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याला ते पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. मग ताईला लावला. वाजून वाजून बंद झाला. आठ हाका म्हणून आणखी सात वेळा लावावा असं मनात आलं होतं, पण ताईचा स्वभावही आक्रमकच. मी बाकावर बसलो आणि घड्याळ पाहिलं. तीनशे सेकंद.

चौथ्या मिनिटाला महाडची गाडी लागली. कंडक्टर ओळखीचा, त्याने दारातून हाक मारली. मी हाताने पुढे जा म्हणून खूण केली.